सिझेरियन प्रसूतीनंतरची शुश्रूषा

सिझेरियन प्रसूतीनंतरची शुश्रूषा म्हणजे पोट व गर्भाशय छेदून केलेल्या प्रसूतीनंतर मातेची रुग्णालयात आणि पुढे घरी घेतली जाणारी काळजी होय. वेदना आटोक्यात ठेवणे, लवकर खाऊ-पिऊ घालणे, लवकर उठवून चालवणे, जखमेत जंतुसंसर्ग होऊ न देणे, रक्तस्रावावर लक्ष ठेवणे आणि स्तनपानास मदत करणे ही तिची मुख्य अंगे आहेत. सिझेरियन ही जगात सर्वाधिक केल्या जाणाऱ्या मोठ्या शस्त्रक्रियांपैकी एक आहे. इतर मोठ्या शस्त्रक्रियांनंतर रुग्ण स्वतःपुरता विश्रांती घेऊ शकतो. येथे मात्र शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रीला पहिल्या तासापासून दुसऱ्या जिवाचे पोषण करावे लागते. त्यामुळे या शुश्रूषेचा विचार सामान्य शस्त्रक्रियोत्तर काळजीहून वेगळा करावा लागतो.

संज्ञा आणि प्रमाण

मराठी बोलीत या शस्त्रक्रियेला सर्रास 'सिझर' म्हणतात. रोमन सेनानी ज्युलियस सीझर याचा जन्म अशा रीतीने झाला, अशी एक कथा या नावामागे सांगितली जाते. ती खरी असण्याचा संभव फार कमी आहे, कारण सीझर मोठा झाल्यावरही त्याची आई हयात होती आणि त्या काळी अशा छेदानंतर स्त्री वाचणे जवळजवळ अशक्य होते. माता वाचण्याची खरी शक्यता एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात निर्माण झाली. जंतुनाशक पद्धती रूढ झाल्या, भूल देता येऊ लागली आणि १८८२ मध्ये माक्स झेंगर या जर्मन वैद्याने गर्भाशयालाही टाके घालण्याची पद्धत मांडली. त्याआधी गर्भाशयाचा छेद बहुधा तसाच सोडला जाई आणि माता रक्तस्रावाने किंवा जंतुदोषाने दगावत असे.

भारतातील पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशातील २१.५ टक्के प्रसूती सिझेरियन पद्धतीने झाल्या. चौथ्या सर्वेक्षणात (२०१५-१६) हे प्रमाण १७.२ टक्के होते. महाराष्ट्रात ते २५.४ टक्के, म्हणजे साधारण दर चार प्रसूतींमागे एक, इतके आहे. देशभरातील खासगी रुग्णालयांत ४७.४ टक्के आणि सरकारी रुग्णालयांत १४.३ टक्के प्रसूती शस्त्रक्रियेने झाल्याचे त्याच सर्वेक्षणात नोंदवले आहे. या तफावतीमुळे अनावश्यक शस्त्रक्रियांबद्दल बरीच चर्चा होते आणि ती योग्यच आहे. परंतु शस्त्रक्रिया गरजेची होती की नव्हती, या वादात ती होऊन गेलेल्या स्त्रीचे पुढे काय होते हा प्रश्न बाजूला पडतो. खेड्यापाड्यांतही आता जवळजवळ प्रत्येक भावकीत एखादी 'सिझर झालेली' बाळंतीण असते, तेव्हा हा प्रश्न काही थोड्या घरांपुरता राहिलेला नाही.

शस्त्रक्रियेनंतर शरीरात होणारे बदल

पोटाची त्वचा, तिच्याखालची चरबी, स्नायूंवरील मजबूत आवरण, पोटाचे आतले अस्तर आणि गर्भाशयाची भिंत असे अनेक थर या शस्त्रक्रियेत उघडले जातात. स्नायू बहुधा कापले जात नाहीत, ते बाजूला सारले जातात. बाहेरून दिसणारा टाका आठ-दहा दिवसांत सुकल्यासारखा दिसतो. आतील थरांना बळकटी येण्यास मात्र कित्येक आठवडे लागतात. सहा आठवड्यांनंतरही जखमेची ताकद मूळ ऊतीच्या सुमारे निम्मीच असते. वरचा टाका भरलेला पाहून घरची माणसे 'आता बरी झाली' असे म्हणतात. पाण्याचा हंडा किंवा गवताचा भारा उचलण्याची घाई याच काळात होते.

प्रसूतीच्या वेळी सुमारे एक किलो वजनाचे असलेले गर्भाशय सहा आठवड्यांत आकुंचन पावून जवळपास पूर्वस्थितीला येते. या आकुंचनामुळे, विशेषतः बाळ अंगावर पीत असताना, पोटात कळा येतात. त्या अपायकारक नसतात, पण टाक्यांच्या दुखण्यात त्यांची भर पडते. बाळंतपणात रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढलेली असते. त्यात स्त्री अंथरुणाला खिळून राहिली तर पायाच्या शिरांत गुठळी होऊ शकते आणि ती फुप्फुसात गेली तर प्राणावर बेतते. हा धोका प्रसूतीनंतरचे सुमारे सहा आठवडे राहतो. योनिमार्गे झालेल्या प्रसूतीपेक्षा शस्त्रक्रियेनंतर तो अधिक असतो.

त्वरित स्वास्थ्यलाभाची पद्धती

शस्त्रक्रियेनंतर रुग्णाने जितके पडून राहावे तितके चांगले, ही समजूत विसाव्या शतकाच्या बऱ्याच मोठ्या काळात वैद्यकातही रूढ होती. डेन्मार्कमधील शल्यविशारद हेन्रिक केलेट यांनी १९९० च्या दशकात आतड्यांच्या शस्त्रक्रियांच्या संदर्भात तिला आव्हान दिले. रुग्ण उशिरा बरा होण्याचे कारण केवळ शस्त्रक्रिया नसून तिच्याभोवतीचे नियम हेही आहेत, असे त्यांच्या मांडणीचे सार होते. दीर्घ उपवास, गरजेपेक्षा जास्त सलाईन, नळ्या, अपुरे वेदनाशमन आणि सक्तीची विश्रांती या प्रत्येक गोष्टीने थोडा थोडा अपाय होतो. त्या सगळ्या एकदम सुधारल्या तर रुग्ण लक्षणीयरीत्या लवकर सावरतो. या विचारातून 'एन्हान्स्ड रिकव्हरी आफ्टर सर्जरी', संक्षेपाने 'इरास', या नावाची पद्धती पुढे आली. तिच्या प्रसारासाठी स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय संस्थेने सिझेरियन प्रसूतीसाठीच्या मार्गदर्शक सूचना २०१८ व २०१९ मध्ये तीन भागांत प्रसिद्ध केल्या.

या पद्धतीत नवे औषध किंवा महाग यंत्र नाही. ज्यांना स्वतंत्रपणे फारसे महत्त्व दिले जात नसे अशा वीस-पंचवीस साध्या कृती ठरलेल्या क्रमाने आणि प्रत्येक रुग्णाच्या बाबतीत न चुकता करणे, एवढाच तिचा गाभा आहे. म्हणूनच ती तालुक्याच्या रुग्णालयातही राबवता येण्याजोगी आहे. पण न चुकता करण्यासाठी माणसे लागतात. रात्रपाळीला एकच परिचारिका संपूर्ण कक्ष सांभाळत असेल तर वेळच्या वेळी गोळी देणे आणि हात धरून उठवणे याच गोष्टी सर्वांत आधी मागे पडतात.

शस्त्रक्रियेपूर्वीची आणि शस्त्रक्रियेदरम्यानची काळजी

चांगल्या शुश्रूषेचा आरंभ प्रसूतीच्या कित्येक आठवडे आधी होतो, आणि महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात तिचा पहिला विषय रक्तक्षय हा आहे. पाचव्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात राज्यातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक (५४.२ टक्के) स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आढळल्या. गर्भवतीचे हिमोग्लोबिन ११ ग्रॅमपेक्षा कमी असल्यास रक्तक्षय आणि ७ ग्रॅमपेक्षा कमी असल्यास तीव्र रक्तक्षय समजतात. सिझेरियनमध्ये अर्धा ते एक लिटर रक्त जाणे असाधारण नाही. सुदृढ स्त्री ते सहन करते. आठ ग्रॅमवर शस्त्रक्रियेच्या मेजावर गेलेली स्त्री मात्र पुढे अनेक दिवस चक्कर, धाप आणि थकव्याने ग्रासलेली असते, तिची जखम भरण्यास वेळ लागतो व बाळाला घेऊन बसण्याचेही त्राण तिच्यात राहत नाही. गरोदरपणात लोहाच्या गोळ्या नियमित घेणे आणि त्या पुरेशा न ठरल्यास शिरेतून लोह देणे हा यावरचा उपाय आहे. प्रसूतीनंतरही १८० दिवस लोह व फॉलिक आम्लाची गोळी रोज घ्यावी असे राष्ट्रीय कार्यक्रमात सांगितले आहे. बाळ झाल्यावर गोळ्यांची ही पुडी फडताळात तशीच पडून राहते, हा सार्वत्रिक अनुभव आहे.

नियोजित शस्त्रक्रियेच्या आदल्या मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही न देण्याची जुनी प्रथा आता योग्य मानली जात नाही. हलके अन्न सहा तास आधीपर्यंत आणि पाणी किंवा दूधविरहित चहासारखे स्वच्छ द्रव दोन तास आधीपर्यंत चालतात. प्रतिजैविकाचे इंजेक्शन पूर्वी बाळाची नाळ कापल्यावर दिले जाई. ते त्वचा छेदण्यापूर्वीच्या एका तासाच्या आत दिल्यास मातेला होणारा जंतुसंसर्ग अधिक टळतो हे सिद्ध झाल्यावर वेळ बदलण्यात आली. औषध तेच आणि खर्चही तेवढाच राहिला. छेदाच्या जागेचे केस वस्तऱ्याने काढल्यास त्वचेवर सूक्ष्म ओरखडे पडून जंतूंना वाट मिळते, म्हणून आवश्यक असेल तरच ते कात्रीयंत्राने कापावेत, असाही संकेत आहे. शस्त्रक्रियागृहात मातेचे अंग गार पडू न देणे, सलाईन मोजके देणे आणि मुदत पूर्ण झालेल्या बाळाची नाळ निदान एक मिनिट थांबून बांधणे याही गोष्टी या सूचनांत येतात.

शक्यतो संपूर्ण भूल न देता मणक्यात सुई देऊन कमरेखालचा भाग बधिर करतात. माता जागी राहते, बाळाचे पहिले रडणे ऐकते आणि लवकर सावरते. 'मणक्यात सुई दिली की कंबर जन्माची दुखते' ही समजूत मात्र महाराष्ट्रात घट्ट रुजली आहे. सुईच्या जागी काही दिवस दुखू शकते. जुनाट कंबरदुखीचा संबंध या सुईशी असल्याचे अभ्यासांत आढळलेले नाही. ती वाकून बाळाला पाजणे, पोटाचे सैल पडलेले स्नायू, अशक्तपणा आणि लवकर सुरू केलेली अवजड कामे यांच्याशी अधिक निगडित आहे. गरोदरपणानंतरची कंबरदुखी साध्या प्रसूतीनंतरही आढळते.

वेदना, आहार आणि हालचाल

बाळंतिणीने दुखणे सोसावे अशी अपेक्षा समाजात आहे आणि रुग्णालयेही तिच्यापासून मुक्त नाहीत. दुखू लागल्यावर सांगावे, मग गोळी मिळेल, ही पद्धत सिझेरियनच्या बाबतीत चुकीची ठरते. भिडस्त स्त्री सांगत नाही. ती सांगते तेव्हा वेदना इतकी वाढलेली असते की औषधाचा अंमल पुरेसा होत नाही. त्यामुळे पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकसारखे दाहशामक औषध, अपाय होण्यासारखे कारण नसल्यास, दुखो अथवा न दुखो, घड्याळाप्रमाणे द्यावे असा आजचा दंडक आहे. ही दोन्ही औषधे योग्य प्रमाणात घेतल्यास स्तनपानास अडथळा होत नाही. प्रगत देशांतील सूचनांमध्ये मणक्यातील भुलेबरोबर अल्प प्रमाणात मॉर्फिन देण्याला मोठे स्थान आहे. भारतात १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यामुळे मॉर्फिन बाळगण्याचे नियम दीर्घकाळ जाचक होते. २०१४ च्या दुरुस्तीने ते सैल झाले, तरी लहान रुग्णालयांत हे औषध सहज मिळत नाही. तेथे जखमेच्या कडांत किंवा पोटाच्या स्नायूंच्या थरांत बधिरतेचे औषध टोचण्याचा पर्याय वापरता येतो.

वेदना कमी झाल्याशिवाय पुढचे काहीच घडत नाही. जिला कूस बदलता येत नाही ती उठणार कशी, आणि जी उठत नाही तिचा वायू सरणार कसा, हे लक्षात घेतले की औषधाच्या वेळापत्रकाचे महत्त्व कळते.

आहाराच्या बाबतीत जुना नियम असा होता की वायू सरेपर्यंत तोंडावाटे काही द्यायचे नाही. त्यामुळे बाळंतिणी चोवीस तास किंवा त्याहून अधिक काळ केवळ सलाईनवर राहत. सिझेरियनमध्ये आतड्यांना सहसा हात लागत नाही, म्हणून हा उपवास निष्कारण आहे. मळमळ नसल्यास दोन तासांच्या आत पाणी व हलके अन्न सुरू करावे, असे इरासच्या सूचना सांगतात. भाताची पेज, मुगाचे वरण, मऊ खिचडी, ताक असे घरचे पदार्थ यासाठी उत्तम आहेत. आतड्यांची हालचाल लवकर सुरू व्हावी म्हणून च्युइंगगम चघळण्याचा उपायही सुचवला जातो. लवकर जेवणाऱ्या स्त्रीला तो अनावश्यक ठरतो आणि आजीसमोर च्युइंगगम चघळणारी बाळंतीण आपल्याकडे कितपत खपेल हा प्रश्न वेगळाच.

मणक्यातील भुलेनंतर चोवीस तास उशी न घेता उताणे पडून राहावे, नाहीतर डोके दुखते, असे अनेक ठिकाणी अद्याप सांगितले जाते. अशी डोकेदुखी काही जणींना होते हे खरे. तथापि पडून राहिल्याने ती टळत नाही, असे संशोधनांचे एकत्रित निष्कर्ष आहेत. बारीक, विशिष्ट टोकाची सुई वापरणे हाच तिच्यावरील खरा प्रतिबंध होय. पायांत संवेदना व बळ परत आले की, साधारण सहा ते आठ तासांनी, बाळंतिणीला प्रथम खाटेच्या कडेला पाय सोडून बसवावे, चक्कर येत नाही ना हे पाहावे आणि मग दोघींनी आधार देऊन चार पावले चालवावे. उठताना थेट पोटावर जोर न देता आधी कुशीवर वळावे आणि हाताच्या रेट्याने बसावे. खोकताना किंवा हसताना टाक्यांवर उशी धरल्यास कळ कमी लागते. लघवीची नळीही पूर्वी पूर्ण दिवसभर ठेवत. ती जितकी लवकर काढली जाईल तितका मूत्रमार्गाच्या संसर्गाचा संभव कमी होतो आणि स्वच्छतागृहापर्यंत जाण्याच्या निमित्ताने स्त्री आपोआप चालू लागते. अर्थात स्वच्छतागृह जवळ, कोरडे आणि कडी लागणारे असावे लागते. भारतीय बैठकीच्या शौचालयात टाके असलेल्या स्त्रीला उकिडवे बसणे कठीण जाते, ही अगदी साधी अडचण रुग्णालयाच्या बांधकामात क्वचितच विचारात घेतली जाते.

स्तनपान

शस्त्रक्रियेने झालेल्या प्रसूतीनंतर बाळाला पहिल्या तासात अंगावर घेण्यास उशीर होतो, कारण माता शस्त्रक्रियागृहात आणि बाळ नातेवाइकांकडे असते. बाळ सुस्थितीत असल्यास टाके घातले जात असतानाही त्याला मातेच्या उराशी ठेवता येते. आईला दूध नाही म्हणून बाळाला मध, साखरेचे पाणी किंवा वरचे दूध देण्याची घाई याच वेळी होते. पहिल्या दोन-तीन दिवसांत येणारा चीक थेंब-थेंबच असतो आणि नवजात बाळाला तेवढाच पुरतो. टाक्यांवर भार येऊ नये म्हणून कुशीवर निजून पाजणे किंवा बाळाचे अंग आईच्या काखेखालून मागे जाईल असे धरणे सोयीचे असते.

कळंब व आंबेगाव-जुन्नर परिसर

पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यातील कळंब हे पुणे-नाशिक महामार्गावरील गाव मंचर आणि नारायणगाव या दोन बाजारपेठांच्या दरम्यान वसले आहे. येथील स्त्रियांच्या दृष्टीने सार्वजनिक आरोग्यसेवेचे टप्पे गावातील आशा स्वयंसेविका, उपकेंद्र व प्राथमिक आरोग्य केंद्र, त्यावर घोडेगाव, नारायणगाव व जुन्नर येथील ग्रामीण रुग्णालये, मंचरचे उपजिल्हा रुग्णालय आणि अखेरीस पुण्यातील ससून रुग्णालय असे आहेत. सिझेरियनसाठी प्रसूतितज्ज्ञ, भूलतज्ज्ञ व रक्ताची सोय एकाच वेळी लागते. प्राथमिक आरोग्य केंद्रात ती नसते. महामार्गालगतच्या गावांना मोठे रुग्णालय गाठणे तुलनेने सोपे आहे. डिंभे धरणाच्या पाणलोटापलीकडील आणि भीमाशंकरच्या डोंगरउतारावरील महादेव कोळी व ठाकर वस्त्यांसाठी, विशेषतः पावसाळ्यात, तसे नाही. या वस्त्यांतील स्त्री शस्त्रक्रियेनंतर घरी परतते तेव्हा खाचखळग्यांचा घाटरस्ता आणि त्यापुढची पायवाट तिला ताज्या टाक्यांनिशी पार करायची असते.

१ जून २०११ रोजी सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार सरकारी रुग्णालयात सिझेरियनसह सर्व प्रसूती, औषधे, तपासण्या आणि रक्त विनामूल्य आहे. साध्या प्रसूतीनंतर तीन दिवसांपर्यंत आणि सिझेरियननंतर सात दिवसांपर्यंत मोफत आहार, तसेच घरी परत सोडण्यासाठी मोफत वाहन यांचीही त्यात तरतूद आहे. ही शेवटची तरतूद बऱ्याच कुटुंबांना माहीत नसते. ती मिळवण्यासाठी रुग्णालयातून निघण्यापूर्वी मागणी करावी लागते. डिसेंबर २०१७ पासून राबवल्या जाणाऱ्या 'लक्ष्य' या केंद्रीय कार्यक्रमात प्रसूतिकक्ष आणि प्रसूतीच्या शस्त्रक्रियागृहाचा दर्जा तपासून रुग्णालयांना प्रमाणित केले जाते.

त्वरित स्वास्थ्यलाभाच्या पद्धतीचा परदेशात गाजलेला लाभ म्हणजे रुग्णालयातील मुक्काम कमी होणे. तेथे अनेक स्त्रिया एक-दोन दिवसांतच घरी जातात. भारतातील सरकारी रुग्णालयांत सिझेरियननंतर साधारण पाच ते सात दिवस ठेवण्याची रीत आहे. लवकर बरे होणे आणि लवकर घरी पाठवणे या दोन गोष्टी एकच आहेत असे मानल्यास ग्रामीण भागात घात होण्याचा संभव आहे. ब्रिटनमध्ये घरी गेलेल्या मातेकडे प्रसूतिसेविका येऊन जाते. येथे खाट रिकामी करण्याच्या ओढीने तिसऱ्याच दिवशी निरोप दिला, तर जखम पाहणारे जाणते माणूस जवळ नसते. जखमेचा जंतुसंसर्ग बहुधा चौथ्या ते सातव्या दिवसाच्या सुमारास किंवा त्याहून उशिरा दिसू लागतो, आणि अशा बहुतेक संसर्गांची लक्षणे घरी गेल्यावरच प्रकट होतात. म्हणून आंबेगाव-जुन्नरसारख्या भागात पद्धतीतील वेदनाशमन, आहार व हालचाल यांचे नियम स्वीकारून मुक्काम मात्र घरचे अंतर पाहून ठरवणे अधिक शहाणपणाचे ठरते.

घर आणि रुग्णालय यांमधील दुवा आशा स्वयंसेविका आहे. तिच्या गृहभेटींचे मूळ महाराष्ट्रातच आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोली जिल्ह्यात गावातील प्रशिक्षित स्त्रियांमार्फत घरोघरी नवजात बालकांची काळजी घेण्याचा प्रयोग केला. बालमृत्यू लक्षणीय घटल्याचे त्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. २०११ मध्ये हा उपक्रम देशभर स्वीकारण्यात आला. रुग्णालयात प्रसूती झाल्यास आशाने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जावे असा क्रम आहे. सिझेरियन झालेली माता पाच-सहा दिवसांनी घरी येते हे गृहीत धरून तिच्या बाबतीत सातव्या दिवसापासूनच्या पाच भेटी पूर्ण केल्यास आशाला पूर्ण मोबदला, २५० रुपये, देण्याची सोय आहे. या भेटींचा भर स्वाभाविकपणे बाळावर आहे. बाळाचे वजन आणि तापमान यांसोबत आईचा पदर बाजूला करून टाके पाहण्याची सवय वेगळी लावून घ्यावी लागते. आशाजवळचा तापमापक आईसाठीही वापरता येतो.

या साखळीत दोन ठिकाणी फट पडते. पहिली फट माहेराची. पहिलटकरणीची नोंदणी सासरच्या गावी झालेली असते, प्रसूती माहेराजवळच्या रुग्णालयात होते आणि सव्वा महिना ती माहेरीच राहते. सासरच्या आशाच्या यादीत ती 'गावी गेली' म्हणून असते, तर माहेरच्या आशाच्या यादीत तिचे नावच नसते. माता व बाल संरक्षण पत्रिका जवळ ठेवणे आणि माहेरी पोचताच तेथील आशाला किंवा आरोग्यसेविकेला कळवणे एवढ्याने ही फट बुजते. दुसरी फट अधिक अवघड आहे. साखर कारखान्यांच्या हंगामात बीड, नगर आदी जिल्ह्यांतून ऊसतोडणीसाठी कुटुंबे येतात आणि फडाजवळ कोप्या टाकून राहतात. तेथे प्रसूत झालेल्या स्त्रीला ना माहेर असते ना सासर. तोडणी जोडीने केली जात असल्याने तिचा खाडा हा कुटुंबाच्या मिळकतीचा खाडा ठरतो. सहा आठवडे ओझे उचलू नका, हा सल्ला तिच्यापर्यंत पोचला तरी पाळता येत नाही. २०१७ च्या दुरुस्तीने २६ आठवड्यांची झालेली पगारी प्रसूती रजा संघटित नोकरीतील स्त्रियांना मिळते. मळ्यात टोमॅटो तोडणाऱ्या किंवा ऊस तोडणाऱ्या स्त्रीला तिचा उपयोग नाही.

पश्चिमेकडील आदिवासी गावांत डॉ. ए.पी.जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेखाली अंगणवाडीतून गरोदरपणाच्या अखेरच्या तीन महिन्यांत आणि प्रसूतीनंतरचे सहा महिने दिवसातून एक पूर्ण जेवण दिले जाते. रक्तक्षय आणि जखम भरणे यांचा संबंध पाहता ही योजना शस्त्रक्रियोत्तर शुश्रूषेचाच भाग मानायला हरकत नाही.

बाळंतपणाच्या प्रथा

महाराष्ट्रात बाळंतिणीच्या सेवेची समृद्ध परंपरा आहे. तिच्यातील बराचसा भाग शस्त्रक्रियेनंतरही उपयोगी आहे. सव्वा महिन्याची विश्रांती आतील जखम भरण्याच्या काळाशी चांगली जुळते. आळिवाची खीर, डिंकाचे व मेथीचे लाडू, खारीक-खोबरे, बाजरीची भाकरी, शेपूची भाजी, बाळंतशोपा यांतून ऊर्जा, लोह आणि चोथा मिळतो. मात्र तूप-डिंकाचा भरपूर मारा आणि पाण्याची टंचाई अशी जोड झाली तर बद्धकोष्ठ होते, आणि कुंथल्याने टाक्यांवर ताण येतो. 'पाणी प्यायल्याने पोट सुटते' हा समज म्हणूनच टाळावा. पाजणाऱ्या आईला नेहमीपेक्षा जास्त पाणी लागते. भात, डाळ किंवा बटाटा खाल्ल्याने टाके पिकतात ही काही घरांतील समजूतही निराधार आहे. टाके जंतूंमुळे पिकतात. जखम भरण्यासाठी प्रथिने लागतात आणि डाळ हाच गरीब घरातील त्यांचा मुख्य स्रोत आहे.

शेक-शेगडीच्या बाबतीत अधिक सावधगिरी हवी. मणक्यातील भुलेनंतर आणि टाक्यांच्या आसपास त्वचेची संवेदना काही काळ कमी असते, त्यामुळे निखाऱ्याचा शेक घेताना भाजल्याचे कळत नाही. बंद खोलीतील धुरी आई आणि बाळ दोघांच्याही श्वासाला घातक असते. टाक्यांना हळद, राख किंवा तेल लावू नये, जखम कोरडी व उघडी ठेवावी, पण अंघोळ मात्र नाकारू नये. पोट बांधण्याचा पट्टा चालताना आधार म्हणून वापरता येतो. त्याने पोट आत जाते याला पुरावा नाही आणि तो दमट झाल्यास जखमेला अपाय करतो. पाचवीचे पूजन किंवा बाराव्या दिवसाचे बारसे यांना वैद्यकीय आक्षेप घेण्याचे कारण नाही. फक्त त्या गर्दीत बाळंतिणीला तासन्‌तास बसवून ठेवू नये.

प्रसूती 'नॉर्मल' झाली नाही याचा सल अनेक स्त्रियांच्या मनात राहतो आणि 'तुला कळा कुठे सोसाव्या लागल्या' असे ऐकून तो वाढतो. दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी, झोप न लागणे, बाळाविषयी ओढ न वाटणे किंवा जीव नकोसा होणे ही प्रसूतिपश्चात नैराश्याची लक्षणे आहेत. त्यावर उपचार आहेत आणि ते स्तनपान चालू ठेवूनही करता येतात.

तातडीने रुग्णालय गाठण्याची लक्षणे

पुढीलपैकी काहीही आढळल्यास दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता रुग्णालयात जावे: तासाभरात एक पॅड पूर्ण भिजेल इतका रक्तस्राव किंवा मोठ्या गाठी, अंगावरून जाणाऱ्या स्रावाला दुर्गंधी, ३८ अंश सेल्सिअसहून अधिक ताप, जखमेची वाढती लाली, सूज, पू किंवा टाका उसवणे, एकाच पायाच्या पोटरीला सूज व दुखणे, अचानक धाप किंवा छातीत कळ, लघवी न होणे. तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी आणि झटके यांना विशेष महत्त्व आहे, कारण गरोदरपणातील रक्तदाबाचा विकार प्रसूतीनंतरही काही आठवडे उलटू शकतो. वाहनासाठी राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा उपलब्ध आहे. 'बाहेरचे झाले' असे समजून ताप आलेल्या किंवा असंबद्ध बोलणाऱ्या बाळंतिणीला आधी देवऋषाकडे नेण्यात गेलेले तास अनेकदा निर्णायक ठरतात.

पुढील गर्भारपण

गर्भाशयावरील व्रण पक्का होण्यासाठी पुढील गर्भधारणेपूर्वी निदान दीड ते दोन वर्षांचे अंतर ठेवण्याचा सल्ला दिला जातो. इच्छा असल्यास तांबी शस्त्रक्रियेच्या वेळीच बसवता येते. तिच्यासाठी स्त्रीची आधी, शांतपणे घेतलेली संमती हवी, वेदनेच्या भरात घेतलेली सही नव्हे. एकदा सिझेरियन झाले म्हणजे पुढची प्रसूतीही तशीच व्हावी असे नाही. छेद आडवा आणि गर्भाशयाच्या खालच्या भागात असेल, व शस्त्रक्रियेचे कारण पुन्हा उद्भवले नसेल, तर अनेक स्त्रियांची पुढील प्रसूती योनिमार्गे होऊ शकते. मात्र ती तातडीच्या शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयातच व्हायला हवी. त्यासाठी पहिल्या वेळचे मुक्तीपत्र, म्हणजे रुग्णालयाचे डिस्चार्ज कार्ड, जपून ठेवावे लागते. छेद कोणत्या प्रकारचा होता आणि शस्त्रक्रिया कशासाठी केली, हे बाहेरच्या टाक्यावरून पुढच्या डॉक्टरांना ओळखता येत नाही.